चालता येऊ लागलं की इथे जा (पाचपैकी चार तारे)

मी शाळेत खेळाचा शिक्षक. खो मिळाल्यावर चौरसातून कसं उसळायचं ते मुलांना दाखवताना डाव्या टाचेची शिर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली. ऑपरेशन, प्लॅस्टर, मग टाचेखाली पाचरी घातलेला बूट, हे सगळं दुसरीकडे झालं. तिथून "चालताय ना? मग झालं" म्हणून सुट्टी मिळाली. चालत होतो खरा, पण जिना उतरताना पाय बदकन पडायचा आणि नुसत्या डाव्या चवड्यावर उभं राहणं काही जमेना. तेव्हा एका पालकांनी मिरजेतलं हे फिजिओथेरपी सेंटर सुचवलं.

इथे गेल्या गेल्या शेकाच्या मशीनखाली झोपवत नाहीत. दाराशेजारी भिंतीवर मीटरपट्टी चिकटवली आहे. तिथे एका पायावर उभं राहायचं, भिंतीला फक्त बोटांची टोकं, आणि टाच उचलायची. मॅडम जमिनीवर बसून आकडा वाचतात. "सर, गुडघा वाकला. परत." उजवा पाय साडेअकरा सेंटिमीटर, डावा जेमतेम सहा. किती वेळा उचलली यापेक्षा किती वर गेली, हे त्या आधी लिहितात. शिवलेली शिर भरून येताना थोडी लांबते. मग पोटरी आवळली तरी निम्मा जोर ती ढिलाई ओढून घेण्यातच जातो आणि टाच शेवटचा टप्पा चढत नाही. पायरीवरून टाच खाली सोडून ताण द्यायची मला भारी हौस होती, ती त्यांनी तिथल्या तिथे बंद केली.

व्यायाम कंटाळवाणे आहेत, आधीच सांगतो. खुर्चीत बसून मांडीवर वाळूची पिशवी घ्यायची आणि टाचा उचलत राहायचं. गुडघा वाकलेला असला की पोटरीच्या आतल्या स्नायूला काम पडतं. पुढे दोन्ही पायांवर वर जाऊन एकावर सावकाश उतरणं, आणि दोरीच्या उड्या अगदी शेवटी.

एकदा वैतागून विचारलं, मग ऑपरेशन फुकटच केलं का? मॅडमनी नॉर्वेतला 526 रुग्णांचा अभ्यास सांगितला, 2022 सालचा. वर्षभराने पायाच्या कामात ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले सारखेच. फरक पुन्हा तुटण्यात: 0.6 विरुद्ध 6.2 टक्के. बरीचशी सुधारणा पहिल्या वर्षातच होते, पोटरीतली थोडी कमतरता पुढेही राहू शकते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पेशंटला असं तोंडावर सांगणारे कमीच.

आज दोन वर्षांनी डावी टाच दहाच्या थोडी वर जाते. पोटरी अजून बारीक दिसते, हाफ पँट घातली की पोरं विचारतातच. मैदानात पळतो, पण पहिला उसळा उजव्या पायावर घेतो.

एक तारा कापलाय तो जिन्यासाठी. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुबड्या घेऊन येणाऱ्याने काय करायचं? शिवाय दहा वेळांचे पैसे एकदम आगाऊ मागतात आणि व्यायामाचा कागद इंग्रजीत देतात. माझ्या शेजारच्या खुर्चीतले शेतकरी आजोबा तो घडी करून खिशात ठेवायचे, झालं. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते आणि मॅडमऐवजी शिकाऊ मुलं बघतात. सकाळची आठची वेळ मागून घ्या.