चिमटे, शेपटी की बॅटरी घरात? मोटरसायकलला चार्जर जोडायचा कसा

सेल्फचं बटण दाबलं की रिले (सेल्फला वीज जोडणारा स्विच) नुसता टक-टक करतो, मीटरचा दिवा मंदावतो आणि गाडी ढिम्म. पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांना हा आवाज चांगला ओळखीचा आहे. पूर्वी अशा वेळी किक उपयोगी पडायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, आणि २०२१ च्या नव्या रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० मधून तर किकच गेली. बॅटरी पार मेली असेल तर इंजेक्शनची गाडी चौघांनी धक्का मारूनही उठत नाही, कारण पेट्रोल पंप आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) आधी वीज लागते.

म्हणून चार्जर घ्यायचं ठरतं. आणि तो घरी आला की खोक्यात दोन वायरी निघतात: एकीच्या टोकाला चिमटे, दुसरीच्या टोकाला दोन रिंगा आणि मध्ये फ्यूजची डबी. कोणती वापरायची? तिसरा मार्गही आहेच, दोन्ही बाजूला ठेवून बॅटरीच काढून घरात न्यायची. तिन्ही मार्ग मी वापरलेत, दोन चुकाही करून झाल्यात.

आधी एक छोटा हिशोब, म्हणजे आपल्याला हे सगळं लागतंय का ते कळेल. गाडी बंद असतानाही घड्याळ, ईसीयू, अलार्म थोडी थोडी वीज खात असतात. समजा ते खाणं ५ मिलिअँपिअर आहे. दिवसाला ०.१२ अँपिअर-तास झाले (बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात सांगतात). ८ अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्यावर यायला महिनाभर लागेल, आणि अर्ध्यावर आलेली बॅटरी थंड इंजिन फिरवताना कुरकुरतेच. आता त्यात २० मिलिअँपिअर खाणारा जीपीएस ट्रॅकर बसवा, तोच महिना आठवड्याभरावर येतो. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला चार्जर लागत नाही. आठवड्यातून एकदा खाली जाऊन पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवणाऱ्यांना मात्र तो लागतो. गाडी जागेवर नुसती चालू असताना अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाकडून) फार काही मिळत नाही, आणि सेल्फने जे खाल्लं तेसुद्धा धड भरून निघत नाही.

चिमटे

फायदा उघड आहे. गाडीला काही लावावं लागत नाही, आज माझ्या गाडीला, उद्या शेजारच्या स्कूटरला. वर्षातून दोन-तीनदाच चार्ज करणार असाल तर पुढचं फार वाचायची गरज नाही, चिमटे घ्या.

तोटा वापरताना कळतो. मोटरसायकलची बॅटरी कारच्या बॅटरीसारखी ऐसपैस बसलेली नसते. साइड पॅनल उघडा, किंवा सीट काढा, रबराचा पट्टा सोडा, मग कुठे टर्मिनल दिसतं, तेही बोल्टच्या डोक्याएवढं. त्यावर चिमटा धरतो तो अर्धाच. प्लसचा चिमटा सरकून फ्रेमला टेकला की ठिणगी. आणि बॅटरीजवळ ठिणगी नको असते, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो. सीलबंद बॅटरीतून तो एरवी बाहेर येत नाही, पण जास्त चार्ज झाली की तिचाही व्हॉल्व्ह उघडतो.

म्हणून क्रम पाळायचा. बोर्डाचं बटण बंद ठेवून आधी प्लसचा चिमटा टर्मिनलला, मग मायनसचा चिमटा बॅटरीपासून लांब, फ्रेमवरच्या रंग नसलेल्या बोल्टला किंवा इंजिनच्या उघड्या धातूला. त्यानंतर वीज चालू. काढताना आधी वीज बंद, मग उलट क्रम. स्मार्ट चार्जरला उलटसुलट जोडणी कळते आणि तो लाल दिवा लावून गप्प बसतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या चार्जरला ती अक्कल नसते.

बॅटरी काढून घरात

ज्यांच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंटच नाही, त्यांना हाच मार्ग. शहरातल्या जुन्या सोसायट्यांत ही स्थिती सर्रास आहे. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडणारेही पाहिलेत, कृपा करून ते करू नका. पावसात भिजलेला बोर्ड, अर्थिंगचा पत्ता नाही आणि खाली खेळणारी मुलं.

बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हा नियम मी वाचला होता, तरी एकदा घाईत आधी प्लस सोडायला घेतला. १० चा पाना बोल्टवर आणि त्याचं दुसरं टोक फ्रेमला टेकलं. फट्ट आवाज, डोळ्यांसमोर पिवळं, आणि पान्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखा खड्डा. तो पाना अजून माझ्या पेटीत आहे. मायनस आधी सोडला असता तर फ्रेमचा बॅटरीशी संबंधच तुटला असता आणि पाना कुठेही टेकून काही झालं नसतं.

दुसरा वैताग चौकोनी नटचा. टर्मिनलच्या खोबणीत एक सुटा नट असतो. बोल्ट काढला की तो खाली पडतो, आणि बोल्ट परत लावताना आट्याला लागतच नाही. नटखाली स्पंजचा किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा कोंबला की तो वर उचललेला राहतो.

३ अँपिअर-तासांची स्प्लेंडरची बॅटरी एका हातात मावते, ती वर नेणं म्हणजे काम नव्हे. मोठ्या गाडीच्या बॅटरीचं वजन वाढत जातं, आणि दर वेळी बोल्ट सोडून-आवळून टर्मिनलचे आटे झिजतात ते वेगळंच. शिसं मऊ असतं. घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर येतात हे किरकोळ.

शेपटी

रिंगवाल्या वायरीला मी शेपटी म्हणतो. एकदाच बॅटरीला बोल्टखाली लावायची, दुसरं टोक सीटखालून बाहेर काढून ठेवायचं. पार्किंगला गाडी लावली, टोपी उघडली, चार्जरची पिन जोडली, झालं. दहा सेकंदांचं काम. ज्याला गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची आहे आणि शेजारी प्लग आहे, त्याला याहून सोयीचं काही नाही. मूळ वायरसेटला कुठे काप द्यावा लागत नाही, गाडी विकताना दहा मिनिटांत काढूनही घेता येते.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. चिमटे काढले की विषय संपतो. शेपटी चोवीस तास जिवंत असते. गाडी चालताना, धुताना, गॅरेजवाला सीटखाली हात घालताना, प्रत्येक क्षणी त्या वायरीत बॅटरीचा पूर्ण दाब असतो. म्हणूनच तिच्यात फ्यूज असतो, आणि तो चार्जरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. चार्जर देणार जेमतेम एक अँपिअर. पण प्लसची वायर कुठे सोलून फ्रेमला लागली तर एवढीशी बॅटरी शंभरावर अँपिअर ओतू शकते. बारीक वायर तेवढ्याने लालभडक होते, आणि वर पेट्रोलची टाकी आहे.

माझ्या एका मित्राच्या गाडीला गॅरेजमधून अशीच वायर टाकून मिळाली होती. फ्यूज नाही, रिंगही नाही, तारेचं टोक पिळून बोल्टखाली दाबलेलं आणि वरून काळी टेप. चार महिन्यांनी सीट काढली तेव्हा सीटच्या पत्र्याच्या कडेने वायरीचं आवरण आरपार कापलं गेलं होतं आणि आत तांबं चमकत होतं. आणखी थोडं घासलं असतं की झालं असतं. असं काम करून घेण्यापेक्षा जन्मभर चिमटे वापरलेले बरे.

नीट काम म्हणजे काय, तर प्लसच्या वायरीवर ब्लेड फ्यूज, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज पार पिनेजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची अख्खी वायर बिनसंरक्षणाची राहते, मग तो असून नसल्यासारखा. फ्यूज ५ किंवा ७.५ अँपिअरचा, वायर १ ते १.५ चौरस मिलिमीटरची. रिंगा पंच केलेल्या, म्हणजे तारेवर दाबून घट्ट बसवलेल्या हव्यात, आणि त्यावर स्लीव्ह. चांगल्या चार्जरसोबत येणारी लीड अशी तयारच असते, म्हणून ती फेकून स्थानिक जुगाड करू नका.

लावायचा क्रम नव्या बॅटरीचाच: आधी मायनसची मूळ केबल सोडा, मग प्लसला शेपटीची लाल रिंग, शेवटी मायनसला काळी रिंग आणि मूळ केबल एकत्र. बोल्टखाली सेल्फची जाड केबल थेट टर्मिनलला टेकलेली हवी, शेपटीची पातळ रिंग तिच्या वर. उलटं केलंत तर सेल्फचा सगळा करंट पातळ रिंगेतून जाईल, आणि मग गाडी उठत नाही म्हणून तुम्ही बॅटरीला शिव्या द्याल. वरून व्हॅसलिनचं बोट फिरवा, कोकणात राहत असाल तर दोनदा. खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवं-पांढरं बुरशीसारखं धरायला वेळ लागत नाही.

वायर नेताना सायलेन्सरपासून लांब, सीटच्या कुलपाच्या जिभेखालून नाही, आणि पुढे नेत असाल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण पडत नाही हे पाहून. प्लास्टिकच्या टाय लावून फ्रेमला बांधा.

आता पिन. बाजारात सर्वांत जास्त दिसते ती दोन दातांची चपटी पिन: एक दात उघडा, दुसरा रबरात झाकलेला. बॅटरीकडून आलेल्या टोकावर प्लस झाकलेल्या भोकात हवा आणि उघडा दात मायनसचा हवा. म्हणजे टोपी निघून पिन फ्रेमला टेकली तरी मायनस मायनसला टेकला, काही बिघडत नाही. उलट असेल तर तीच पिन पावसात, गाडी धुताना, दर खड्ड्यात शॉर्ट व्हायची वाट बघत लोंबकळते. सोलर पॅनलसोबत येणाऱ्या काही लीड नेमक्या उलट्या जोडलेल्या असतात, आणि पिन मात्र तंतोतंत तीच. म्हणून वायर लावली की मल्टीमीटरने पाहा: लाल सळई झाकलेल्या भोकात, काळी उघड्या दाताला, आकडा १२ च्या वर हवा आणि त्याच्या डावीकडे वजाचं चिन्ह नको. मग फ्यूज उपसा. आकडा शून्य झाला तर फ्यूज खरंच वाटेत आहे.

एक मोह टाळा. शेपटी बाहेर आली की तिला फोनचा चार्जर, मग टायरमध्ये हवा भरायचा पंप लावावासा वाटतो. पंप सहज ८-१० अँपिअर ओढतो, फ्यूज उडतो, आणि मग कुणीतरी तिथे २० चा फ्यूज घालतो. बारीक वायरीसमोर तो २० चा फ्यूज म्हणजे फ्यूज नसल्यासारखाच. यूएसबीची डबी तिला कायमची लावून ठेवली तर ती गाडी बंद असतानाही थोडं थोडं पीत राहते.

हँडलजवळच्या यूएसबी सॉकेटमधून बॅटरी चार्ज होईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. तिथून वीज फक्त बाहेर येते, आणि बहुतेक गाड्यांत किल्ली बंद केली की तीही बंद.

चार्जरबद्दल दोन शब्द

कोणतीही रीत घ्या, चार्जर चुकीचा असेल तर व्यर्थ. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट, म्हणजे ८ अँपिअर-तासाला ०.८ अँपिअर. गॅरेजमधल्या कारच्या मोठ्या चार्जरला लावून 'तासाभरात भरून देतो' म्हणतात, त्यात छोटी बॅटरी भाजून निघते. चार्ज होताना साधारण १४.४ व्होल्ट, भरल्यावर आपोआप १३.५ च्या आसपास उतरणारा चार्जर हवा. भरलेली बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.६ ते १२.८ दाखवते, १२.४ ला चार्जर लावायची वेळ झाली, १२ च्या खाली आठवडाभर पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पूर्वीसारखी होत नाही. लिथियम बॅटरी बसवली असेल तर तिच्यासाठी सांगितलेलाच चार्जर वापरा, सल्फेट झाडणारा मोड तिला चालत नाही.

गावच्या घरी गाडी लावून जाणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्या: वीज जाऊन आली की चार्जर आपोआप सुरू होतो का? काही होतात, काही कुणीतरी बटण दाबेपर्यंत नुसते लटकून राहतात, आणि दोन महिन्यांनी तुम्ही येता तेव्हा बॅटरी तशीच उतरलेली.

मी काय केलंय? माझ्या क्लासिकला शेपटी आहे, कारण खांबावर पॉइंट आहे आणि किक नाही. वडिलांच्या स्प्लेंडरला काही लावलेलं नाही. ती रोज दूध आणायला जाते, आणि कधी रुसलीच तर बाबा किक मारतात. चिमटे जिन्याखालच्या कपाटात आहेत. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्कूटरला लागले होते.