‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ आधी वाचावं की ‘दिल बेचारा’ आधी बघावा?

दहावीची परीक्षा संपली तशी शेजारची मुलगी विचारायला आली, “काकू, पिक्चर बघू काय पुस्तक वाचू ओ?” तिच्या वर्गमैत्रिणीची केमो सुरू आहे. तिची आई तिला खानापूरहून बेळगावला घेऊन येते. भेटायला गेलं की काय बोलायचं, तेच हिला सुचत नाही.

मी सांगितलं, पुस्तक आधी.

जॉन ग्रीनची ही कादंबरी 2012 ची. इंडियानापोलिसची 16 वर्षांची हेझल, थायरॉइडचा कॅन्सर फुफ्फुसांत उतरलेला, नाकात नळी. ऑगस्टस 17 चा, हाडाच्या कॅन्सरने पाय गेलेला. ‘दिल बेचारा’ या 2020 च्या हिंदी सिनेमात तीच जोडी जमशेदपूरची किझी आणि मॅनी होते. पुस्तकात दोघं हेझलच्या आवडत्या लेखकाला भेटायला ॲमस्टरडॅमला जातात; सिनेमात ॲमस्टरडॅमच्या जागी पॅरिस येतं, लेखकाच्या जागी गायक.

सिनेमा पावणेदोन तासांच्या आत संपतो, रहमानचं संगीत आहे, हिंदी तर आपल्या पोरांना पाठच. किझीचे आईवडील घरचेच वाटतात. पण मॅनी झालेला सुशांतसिंह राजपूत गेल्यानंतर सिनेमा प्रदर्शित झाला, आणि बघताना आपण त्याच्यासाठीच रडतो. किझीचं दुखणं बाजूला राहतं.

पुस्तकात तसं होत नाही, कारण सगळं हेझलच सांगते. 14 व्या वर्षी ती अतिदक्षता विभागात मरणाच्या दारात असताना आई रडत बाबांना म्हणते, मी आता आई राहणार नाही. पोरगी ते ऐकते. तेव्हापासून तिला स्वतःपेक्षा आईचीच काळजी. आजारी मुलाच्या मनात हे चाललेलं असतं, हे मला तरी कुणी आधी सांगितलं नव्हतं. नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकच्या ॲमस्टरडॅममधल्या घरातले ते उभे जिने ती ऑक्सिजन घेऊन चढते, तेव्हा वाचताना आपलाच श्वास अडकतो. प्रेम त्या दमछाकीतूनच येतं, म्हणून खरं वाटतं.

अडचण इंग्रजीची. मराठी माध्यमातल्या मुलीला ऑगस्टसची लांबलचक वाक्यं जड जातात. ती सोडून पुढे गेलं तरी गोष्ट तुटत नाही. पन्नासेक पानांत जमलं नाही तर खुशाल सिनेमा बघावा, फक्त एकटीने नको.

आणखी एक. हेझलला जगवणारं फॅलॅन्क्सिफॉर हे औषध लेखकाच्या कल्पनेतलं आहे. मैत्रिणीच्या आईला त्याबद्दल विचारायला जाऊ नये. शिवाय कोवळ्या वयातला थायरॉइडचा कॅन्सर प्रत्यक्षात बहुतेक वेळा बरा होतो. हेझलचं दुखणं पाहून मैत्रिणीचा अंदाज बांधू नये.

पुस्तक घेऊन ती निघाली आणि दारातून वळली, “तिला पण देऊ काय ओ?” मी म्हटलं, यात एक जण जातो, हे तिला आधी सांग. तरी मागितलं तर दे.