गिफ्ट कार्ड सवलतीत, ओटीपी मात्र विकणाऱ्याच्या मोबाइलवर

स्वस्तात गिफ्ट कार्ड विकणाऱ्या एकाने आमचे 27,000 रुपये नेले. पैसे परत मिळतील असं मला आता वाटत नाही. पण त्याची पद्धत इतकी सफाईदार होती की ती तपशिलात सांगायलाच हवी.

दिवाळीच्या तोंडावर घरात तीन वस्तू घ्यायच्या होत्या: मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि सासूबाईंना मोबाइल. ऑफर्सच्या एका ग्रुपवर एक जण दहा टक्के सवलतीत गिफ्ट कार्डं विकायचा. त्याच्या प्रत्येक पोस्टखाली 'मिळालं भाई, थँक्यू' अशांची रांग लागलेली. (त्यातले निम्मे तोच असणार.) ह्यांनी आधी त्याच्याकडून एका शॉपिंग साइटचं 500 चं व्हाउचर घेतलं. कोड खात्यात टाकला, पैसे जमा झाले. विश्वास बसला तो तिथे.

दुसऱ्या खेपेला त्याने माल बदलला, आणि ते लक्षात येण्यासारखं नव्हतं. शॉपिंग साइटचा कोड एकदा आपल्या खात्यात टाकला की तो आपला होतो, विकणाऱ्याला तो पुन्हा वापरता येत नाही. या वेळी त्याने दिली ती बँकेची प्रीपेड गिफ्ट कार्डं. प्लास्टिक नाहीच, नुसता सोळा आकडी नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही. असं कार्ड कुठल्या खात्यात 'टाकता' येत नाही. ते आकडे आणि ओटीपी येणारा मोबाइल ज्याच्याजवळ असेल तो पैसे वापरू शकतो, आणि विकणाऱ्याजवळ तर दोन्ही असतात.

एकूण 30,000 साठी तीन वेगवेगळी कार्डं कशाला, असं विचारल्यावर त्याने रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितला. नियम खरा आहे: गिफ्ट कार्डात जास्तीत जास्त 10,000 रुपये असू शकतात, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख काढता येत नाही. लबाड माणूस मधे एखादी खरी गोष्ट पेरतो ती अशी.

यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर त्याचं नाव आलं नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं आलं. 'भावाचं खातं आहे' म्हणाला. कार्डांचे नंबर लगेच आले. बॅलन्स तपासला तर तिन्हींवर दहा-दहा हजार. मग रात्री जेवणं झाल्यावर मी मिक्सरची ऑर्डर टाकायला बसले. नंबर, मुदत, सीव्हीव्ही सगळं भरलं आणि ओटीपीचं पान उघडलं. तिथे ज्या मोबाइलवर ओटीपी गेला त्याचे शेवटचे चार आकडे दिसत होते, आणि ते आमच्या घरातल्या कुठल्याच नंबराचे नव्हते. ह्यांनी त्याला मेसेज केला. 'दोन मिनिटं, नेटवर्क नाही.' पानाची वेळ संपली. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ओटीपीचं पान आलंच नाही, बॅलन्स अपुरा असल्याचा लाल मजकूर आला. तिन्ही कार्डं रिकामी. आम्ही 'नेटवर्क'ची वाट बघत होतो तेवढ्यात त्याने स्वतःच्याच ओटीपीवर खरेदी उरकली होती.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला. तिथे पहिल्यांदा विचारतात तो व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, तो हाताशी ठेवा. तक्रार नोंदवली गेली, पण ट्रेडर्सच्या खात्यातून पैसे तोवर पुढे गेले होते. आमच्या बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. परवानगीशिवाय झालेला व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम इथे लागू होत नाही. कार्ड काढणाऱ्या कंपनीचं उत्तर तर त्याहून सरळ: नोंदणीकृत ग्राहक दुसराच आहे, तुम्हाला माहिती देता येणार नाही. 27,000 रुपये देऊन आम्ही विकत घेतलेल्या कार्डांवर कागदोपत्री आमचा काहीच हक्क नव्हता.

आणि समजा कार्डं चालली असती, तरी मी निर्धास्त नसते. चोरीचे पैसे पटकन मुरवायला गिफ्ट कार्ड हा सोयीचा रस्ता आहे. कुणाचं तरी खातं साफ करायचं, त्या पैशांची कार्डं काढायची आणि ती सवलतीत विकायची. त्या कार्डाने मागवलेला मिक्सर आमच्या पत्त्यावर आला असता, म्हणजे पोलिसांचा मागही आमच्याच दारापर्यंत आला असता.

यावरून व्हर्च्युअल कार्डच वाईट असं कुणी म्हणू नये. माझ्या बँकेच्या ॲपमधून काढलेलं व्हर्च्युअल कार्ड मी रोज वापरते. ते माझ्या नावावर आहे आणि ओटीपी माझ्या फोनवर येतो. मर्यादा मी ठरवते आणि काम झालं की बंद करून टाकते. 'पहिला महिना फुकट' असलेल्या ॲपना मी हेच कार्ड देते, कारण मंजुरी दिलेली दरमहा वजावट 15,000 पर्यंत ओटीपीशिवाय होऊ शकते. पैसे जाण्याआधी 24 तास सूचना येते खरी, पण ती वाचतो कोण! ऑक्टोबर 2020 पासून बँकांना कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार चालू-बंद करण्याची सोय द्यावी लागते. गिफ्ट कार्डांना मात्र त्यातून सूट आहे.

तेव्हा गिफ्ट कार्ड घ्यायचंच तर कंपनीच्या किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपवरून, आपल्याच मोबाइल नंबरावर घ्या. ऑफिसात साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरावरून 'मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट कार्डं घेऊन कोड पाठव' असा मेसेज आला तर साहेबांच्या नेहमीच्या नंबरावर फोन लावा. दंड किंवा जामीन गिफ्ट कार्डात घेणारं पोलीस ठाणं भारतात नाही.

आणि संशय आला की लगेच त्या माणसाशी भांडायला जाऊ नका. ह्यांनी त्याला 'पोलिसांत जातो' असं लिहिलं आणि बघता बघता त्याने सगळे मेसेज दोन्हीकडून पुसून टाकले. आमच्याकडे उरले ते मी बॅलन्स बघताना घेतलेले स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती. तक्रारीला तेवढंच जोडता आलं. आधी त्याचा नंबर, क्यूआर आणि सगळं बोलणं जपून ठेवा, 1930 वर नोंद करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर ते चढवा. त्याला काय सुनवायचं ते नंतर.