एएमई प्रवेश: कागद खरा, पत्ता भलताच

कल्याणच्या एका मुलाचे बारावीनंतरच्या सात महिन्यांत १,९२,७०० रुपये गेले. १,२०० प्रवेश परीक्षेचे, २५,००० सीट लॉक करायचे, ६,५०० मेडिकलचे आणि १,६०,००० पहिल्या हप्त्याचे. एवढं भरूनही विमान देखभाल अभियंत्याच्या म्हणजे एएमईच्या कुठल्याही मान्य कोर्सला त्याचा प्रवेश झालाच नव्हता. गंमत म्हणजे त्याला दाखवलेला मान्यतेचा कागद अस्सल होता. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, शिक्का, सही, क्रमांक सगळं बरोबर. फक्त तो कागद दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या संस्थेचा होता आणि मुलगा शिकत होता अंधेरी पूर्वेला स्टेशनजवळच्या एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

या क्षेत्रात खोटे कागद छापायची गरज फारशी पडत नाही. खरा कागद भलत्याच गोष्टीसाठी दाखवला की काम होतं. कारण एएमई म्हणजे नेमकं काय, हेच बहुतेक घरांत ठाऊक नसतं.

तर आधी ते. एएमई ही पदवी नाही, लायसन्स आहे. ते देते डीजीसीए. एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मधला नियम ६१ आणि सीएआर-६६ हे लायसन्सचे नियम, तर प्रशिक्षण संस्थांना मान्यता मिळते ती सीएआर-१४७ खाली. शिकवायचं संस्थेनं, मॉड्यूलच्या म्हणजे विषयवार परीक्षा घ्यायच्या डीजीसीएनं आणि लायसन्सही डीजीसीएनंच द्यायचं. त्यामुळे ‘आमच्याकडून लायसन्स मिळेल’ असं म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटं बोलत असतो. बी.टेक. एरोनॉटिकल ही आणखी वेगळी वाट. त्या पदवीवर विमान उडण्यायोग्य आहे अशी सही करता येत नाही.

प्रवेशाची अट तशी साधी आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स, किंवा इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत मॅथ्स सोडून बायोलॉजी घेतलेली मुलं यात हमखास अडकतात. ‘काही हरकत नाही काका, ब्रिज कोर्स करून घेऊ’ असं त्यांना सांगतात. ब्रिज कोर्सचं सर्टिफिकेट कोण देणार, ते डीजीसीए कुठल्या नियमाखाली मानणार, हे त्याच खुर्चीत बसून लेखी मागा. तोंडी उत्तर मिळालं तर उठून या.

आता प्रवेश परीक्षा. एएमईच्या प्रवेशासाठी डीजीसीए कोणतीही प्रवेश परीक्षा घेत नाही. नावात ‘ऑल इंडिया’, माथ्यावर विमानाचं चित्र आणि अशोकस्तंभासारखं काहीतरी लावून ज्या परीक्षा होतात त्या खाजगी असतात. एखाद्या संस्थेनं स्वतःची चाचणी घेणं गैर नाही. ती सरकारी असल्याचं भासवणं गैर आहे. कल्याणच्या मुलानं मोबाइलवर पाऊण तासाची परीक्षा दिली आणि तिसऱ्या दिवशी रँक लेटर आलं: अमुक हजारावा क्रमांक, ‘ट्यूशन फीत ५० टक्के स्कॉलरशिप’. मूळ फी किती, हे त्या पत्रात कुठेच नव्हतं. अर्धी माफ झाली म्हणून घरात पेढे वाटले गेले. कशाची अर्धी, हे कोणी विचारलं नाही.

मग फोन सुरू झाले. ‘काका, मुंबई कॅम्पसच्या तीनच सीट उरल्यात, आजच्या आज लॉक करा.’ नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तिथल्या नोकऱ्यांचं आमिष त्यामुळे आता हुकमी झालंय. विमानतळ नवा झाला म्हणून लायसन्सचे नियम सैल होत नाहीत आणि तिथली नोकरी एखाद्या क्लासवाल्याच्या हातात नसते.

२५,००० ची पावती जवळून पाहण्यासारखी होती. वर संस्थेचं नाव ठळक, खाली ‘रिसीव्ह्ड विथ थँक्स’. कशाबद्दल, त्या ओळीत प्रवेश शुल्क किंवा ट्यूशन फी असं काही नव्हतं. बारीक अक्षरात ‘काउन्सेलिंग अँड फॅसिलिटेशन चार्जेस, नॉन-रिफंडेबल’. पैसे गेले होते यूपीआयनं, कोणा व्यक्तीच्या खात्यात. ज्या संस्थेची मान्यता दाखवली तिचं नाव पावतीवर नाही, खात्यावर नाही, जीएसटी क्रमांकाशेजारीही नाही. पुढे पैसे परत मागताना सगळं घोडं इथेच अडलं. मान्यताप्राप्त संस्था म्हणाली, आम्हाला एक रुपया मिळालेला नाही. आणि ते खरंच होतं.

मेडिकलचे ६,५०० ही तर निव्वळ लूट. क्लास वन, क्लास टू मेडिकल वैमानिकांसाठी असतं. एएमईला ते लागत नाही. संस्था साधारणपणे एमबीबीएस डॉक्टरचं तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट मागतात आणि रंगदृष्टी ठीक आहे का ते पाहतात. रंगदृष्टीची तपासणी मात्र फी भरण्याआधी करून घ्या. विमानातल्या वायरिंगवर, दिव्यांवर, खुणांवर रंग वाचावे लागतात. दोष असला तर तो चौथ्या सेमिस्टरला कळण्यात अर्थ नाही. नेत्रतज्ज्ञाकडे इशिहाराच्या ठिपक्यांची तपासणी पाच-दहा मिनिटांत होते.

मान्यतेचा कागद कसा वाचायचा, हे सविस्तर सांगायला हवं. सीएआर-१४७ ची मान्यता ‘एएमई शिकवा’ अशी मोघम नसते. तिच्यावर संस्थेचं नाव, पत्ता, मान्यता क्रमांक, मुदत आणि कोणत्या कॅटेगरीसाठी मान्यता आहे ते असतं. कल्याणच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो वरच्या अर्ध्या भागाचा होता. पत्ता नि कॅटेगरी खाली राहिले होते. ऑफिसात भिंतीवर तोच कागद फ्रेममध्ये होता, पण काउंटरच्या मागे, डोळ्यांच्या दोन हात वर. कोणी खुर्चीवर चढून तो वाचत नाही.

वाचायचं ते हे. पत्ता: मान्यता त्या जागेला असते. तुमचा मुलगा जिथे बसणार तो पत्ता कागदावर नसेल, तर ‘मुंबई ब्रँच’, ‘एक्स्टेन्शन सेंटर’, ‘टाय-अप’ या शब्दांना काडीची किंमत नाही. ‘पहिलं वर्ष इथे, प्रॅक्टिकलला तिकडे’ हे वाक्य ऐकलं की समजा, पहिलं वर्ष मोजलं जाणार नाही. मुदत: संपलेली असेल तर ‘रिन्यूअल प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतात. मग रिन्यू झाल्यावर येऊ म्हणा. आणि कॅटेगरी. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं, बी१.२ पिस्टन इंजिनाची विमानं, बी१.३ टर्बाइन हेलिकॉप्टर, बी१.४ पिस्टन हेलिकॉप्टर, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मुंबईच्या सहार विमानतळावर दिसणारी ए३२०, ७३७, इतकंच काय पंखे फिरवणारं एटीआरसुद्धा बी१.१ आणि बी२ वाल्यांच्या हातात असतं. एटीआरचा पंखा बघून ते पिस्टनचं वाटतं, पण आत टर्बाइन आहे. बी१.२ ची मान्यता असलेल्या संस्थेनं एअरलाइनच्या हँगरचे फोटो दाखवून प्रवेश दिला तर तो कागदोपत्री खोटा ठरत नाही, आणि मुलगा मात्र चुकीच्या गाडीत बसतो.

हे पडताळायला कोणाची ओळख लागत नाही. मान्य संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे. नाव, पत्ता नि कॅटेगरी तिथून जुळवा, संस्थेनं पाठवलेल्या पीडीएफवरून नको. तरी शंका उरली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका: ‘या नावाच्या संस्थेला या पत्त्यावर, या कॅटेगरीसाठी, आजच्या तारखेला सीएआर-१४७ मान्यता आहे काय?’ प्रश्न एवढाच ठेवा, कारणमीमांसा मागू नका. उत्तराची मुदत ३० दिवस. सीट तीसच उरल्यात की तीनच, ते तेवढ्यात कळतं.

दुसरी चाळणी तासांची. बी१.१ किंवा बी२ चा मूलभूत कोर्स २,४०० तासांचा असतो. त्यातला जवळपास निम्मा भाग प्रॅक्टिकल. ‘वीकेंड बॅच, नोकरी सांभाळून एएमई’ ही जाहिरात या आकड्यासमोर धरून पाहा. शनिवार-रविवार मिळून दहा तास धरले, तर २,४०० तासांना २४० आठवडे लागतात. म्हणजे साडेचार वर्षांहून जास्त, तेही गणपती-दिवाळीची सुट्टी न घेता. जो दोन वर्षांत वीकेंडला उरकून देतो म्हणतो, तो काय उरकतोय ते उघड आहे.

प्रॅक्टिकलची जागा स्वतः बघा. अंधेरीच्या त्या ‘वर्कशॉप’मध्ये काचेच्या कपाटात एक प्रोपेलर, टेबलावर कापून उघडं केलेलं छोटं पिस्टन इंजिन, कोपऱ्यात चाक काढलेला लँडिंग गिअर होता. भिंतीवर टर्बाइनचं पोस्टर. पालक भारावतात. पाहणाऱ्यानं पाहायचं ते टूल बोर्ड: प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आहे का, हत्यार उचललं की रिकामी जागा दिसते का. टॉर्क रेंचवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे का, त्यावर पुढची तारीख काय. लॉकवायर, रिव्हेट, शीट मेटलचे तुकडे वापरून संपलेले दिसतात की नवेकोरे पडून आहेत. मुलांच्या हातचे वाकडेतिकडे रिव्हेट असलेले पत्रे भंगारच्या डब्यात दिसले तर चांगली खूण आहे. तिथे खरोखर काम होतंय. अंधेरीत डबाच नव्हता.

नोकरीच्या आश्वासनांबद्दल थोडक्यात. मान्य कोर्स संपला तरी बी१.१ किंवा बी२ च्या लायसन्ससाठी चालू विमानांवरचा दोन वर्षांचा प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव लागतो. तो लॉगबुकात नोंदवून, अधिकृत माणसाच्या सहीनं. मॉड्यूलच्या परीक्षा वेगळ्या, आणि तिथे बारावीसारखं ३५ ला पास होत नाही. त्याच्या निदान दुप्पट लागतात. लायसन्स हातात आल्यावरही ए३२० सारख्या मोठ्या विमानावर सही करायची तर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची वेगळी परवानगी, हवं. तेव्हा ‘दोन वर्षांत लाखाचा पगार’ हे गणित कुठूनच जमत नाही. यातली सगळ्यात घातक ऑफर म्हणजे अनुभवाच्या नोंदी विकत देणारी. ‘लॉगबुक भरून मिळेल.’ इथे पैसे जाण्याची भीती दुय्यम. खोट्या नोंदीवर लायसन्स मागणारा उमेदवार स्वतःच गुन्ह्यात सापडतो, विकणारा नाही दिसत.

कर्जाचा सापळा नवा आहे. राष्ट्रीयीकृत बँक शैक्षणिक कर्जासाठी संस्थेची मान्यता तपासते, म्हणून काउन्सेलर बँकेकडे जाऊच देत नाही. ‘आमच्याकडेच फायनान्स आहे, ओटीपी सांगा’ म्हणतो. ते असतं वडिलांच्या नावचं वैयक्तिक कर्ज. पैसे थेट क्लासवाल्याच्या खात्यात, हप्ता तुमच्याकडून. कोर्स बंद पडला तरी हप्ता थांबत नाही, थांबवला तर सिबिल जातं. कल्याणचे १,६०,००० असेच गेले आणि ३६ हप्ते अजून चालू आहेत. शाखेत जाऊन स्वतः अर्ज करा. बँकेचा नकार ही फुकटात मिळालेली पडताळणी.

फसलात तर क्रम महत्त्वाचा. पैसे ताजे गेले असतील आणि खातं खाजगी व्यक्तीचं असेल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार. जितका उशीर तितकी खात्यात रक्कम गोठण्याची शक्यता कमी. त्याच दिवशी चॅट एक्स्पोर्ट करा, जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, कॉलच्या नोंदी जपा. काउन्सेलरचा डीपी आणि मेसेज दोन्ही नंतर गायब होतात. मग संस्थेला ईमेल आणि स्पीड पोस्टनं लेखी मागणी: कोणत्या तारखेला किती, कशासाठी दिले, काय मिळालं नाही, किती दिवसांत परत हवेत.

पोलिसात ‘फीचा वाद आहे, दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवण्याचा प्रयत्न होतो. तक्रारीत भर फी परत न मिळण्यावर देऊ नका, प्रवेशाच्या वेळी केलेल्या खोट्या विधानावर द्या: ‘या पत्त्याला मान्यता नसताना आहे असं सांगून पैसे घेतले.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते ती अशी. माहिती अधिकाराचं उत्तर इथे पुरावा म्हणून जोडता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाही, असा बचाव समोरून हमखास येतो. नॉन-रिफंडेबल काउन्सेलिंगची ती पावती तेव्हा उलटी उपयोगी पडते: तुम्ही शिक्षणसंस्था नाही, सल्ला विकणारे आहात, हे तुमच्याच पावतीवर आहे. डीजीसीएला जरूर कळवा, पण ती पैसे वसूल करून देत नाही.

मूळ कागद हा शेवटचा फास. शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कशीट ‘व्हेरिफिकेशनला’ ठेवून घेतात आणि बाकी हप्ता भरल्याशिवाय देत नाहीत. कल्याणच्या मुलानं मार्कशीट डिजिलॉकरमधून काढली आणि दुय्यम प्रतीसाठी वाशीला मुंबई विभागीय मंडळात अर्ज केला. अर्जात कागद हरवला असं लिहिलं नाही, अमुक ठिकाणी अडवून ठेवलाय असंच लिहिलं आणि पोलिस तक्रारीची प्रत जोडली. त्या प्रतीची झेरॉक्स अंधेरीच्या काउंटरवर ठेवल्यावर दाखला दुपारी साडेतीनला मिळाला. त्याच्या मागे पेन्सिलनं लिहिलं होतं: ‘बॅलन्स १,१५,०००’.