अबखाझियाची जर्सी, मंगळवार पेठेत शिवलेली

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांतल्या तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्या माणसाला संघ म्हणजे पेठ, हे समजावून सांगावे लागत नाही; म्हणूनच फिफाचे सदस्यत्व नसलेल्या संघांबद्दल मला आपुलकी वाटते. जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझियाला मोजक्याच देशांची मान्यता आहे, तरी 2016 साली त्याने राजधानी सुखुमीत कोनिफाची, म्हणजे फिफाबाहेरच्या संघांच्या संघटनेची, विश्वचषक स्पर्धा भरवली आणि अंतिम सामन्यात पंजाबच्या संघाला पेनल्टींवर हरवून ती जिंकलीही. (त्या संघात प्रामुख्याने ब्रिटनमधले पंजाबी खेळाडू होते.)

या संघाची जर्सी बाजारात मिळणे अशक्य, म्हणून मंगळवार पेठेतल्या एका छोट्या दुकानात ती 550 रुपयांना शिवून घेतली. कापड जाळीदार, हलके आणि घाम टिपणारे आहे. चार धुण्यांनंतरही रंग उतरलेला नाही. खांद्याची दुहेरी शिलाई तर महागड्या जर्सीलाही लाजवेल अशी आहे. तक्रार छपाईची आहे. अबखाझियाच्या ध्वजावर हिरवे-पांढरे मिळून सात पट्टे, तांबड्या चौकोनात उघडा पांढरा पंजा आणि त्यावर सात तारे असतात, दुकानदाराने पहिल्या खेपेस सहाच तारे छापले आणि वर "पंजा कुठल्या पक्षाचा?" असेही विचारले. चूक दाखवताच त्यांनी जादा पैसे न घेता नवी जर्सी दिली, मात्र तीन दिवसांचे काम अकरा दिवसांवर गेले. सामन्याची तारीख ठरलेली असेल, तर पंधरवडाभर आधीच ऑर्डर द्यावी.