झोर्की, बेसा आणि एकच ३५ची लेन्स : रेंजफाइंडरचे १४ महिने

मागच्या वर्षी गुढीपाडव्याला रेंजफाइंडर घेतला. तेव्हापासून १४ महिने आणि २७ रोल झाले. पहिले पाच महिने एका रशियन झोर्की-४ने खाल्ले, पुढचे नऊ व्हॉइग्टलँडरच्या बेसा-आरबरोबर गेले. ‘कुठला घेऊ?’ असं विचारणारे अधूनमधून भेटतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मला चष्मा आहे. घर ठाण्यात, नोकरी फोर्टात. फोटो काढते ते रस्ता, बाजार आणि घरच्या माणसांचे. पक्षी नाहीत, लग्नाच्या ऑर्डरी नाहीत. यातलं एक जरी तुमच्या बाबतीत वेगळं असेल, तर पुढचं सगळं जरा हातचं राखूनच वाचा.

ज्यांनी हा प्रकार हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅमेऱ्याला पुढून दोन खिडक्या असतात. एकीतून आपण बघतो. दुसरीतून आलेलं चित्र आरशावरून वळून पहिल्या चित्राच्या मधोमध एका फिक्कट चौकोनात पडतं. लेन्स फिरवली की चौकोनातलं चित्र सरकतं, आणि दोन्ही चित्रं एकावर एक बसली की फोकस झाला. लेन्समधून आपल्याला काहीच दिसत नाही. त्यामुळे मागची पार्श्वभूमी किती धूसर होणार, हे रोल धुऊन येईपर्यंत अंदाजावरच. एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचा कॅमेरा, वापरून आलेल्या माणसाला पहिला आठवडा आंधळ्या कोशिंबिरीसारखा जातो.

मग वापरायचा कशाला? मला उत्तर मिळालं ते मासुंदा तलावाच्या काठावर. बेसाच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे बघायच्या खिडकीत, फोटोची चौकट उजळ रेषांनी आखलेली असते आणि त्या रेषांच्या बाहेरचंही बरंच दिसत राहतं. एक फुगेवाला कठड्याला टेकून हवा भरत होता. चौकट त्याच्यावर धरली होती. रेषेच्या डावीकडून, चौकटीबाहेर, एक लहान मुलगी बाबांचा हात सोडून पळत येताना दिसली. तिचा पाय रेषेच्या आत पडला तेव्हा बटण दाबलं. एसएलआरमध्ये मला ती आत शिरल्यावरच दिसली असती, म्हणजे उशीर झालाच असता. शिवाय इथे आरसा उचलला जात नाही, त्यामुळे फोटो पडतो त्या क्षणीसुद्धा समोरचं दिसत असतं. तिचे डोळे उघडे होते की मिटलेले, हे मला तिथेच कळलं होतं.

आता झोर्की. क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला हा कॅमेरा १९५६पासून पुढे बरीच वर्षं निघत होता. स्वस्तात मिळतो, वजनाला पाट्यावरच्या वरवंट्यासारखा आहे, आणि त्यावर ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटर एफ/२ लेन्स येते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड (ॲपर्चर) मोठं आणि टोकदार येणारा भाग कमी. (ज्युपिटरच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनावटीचं साल सांगतात. माझी ७१ची निघाली.) झोर्कीची एक अट आहे : आधी रोल ओढायचा, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. मला हे घेतानाच सांगितलं गेलं होतं, तरी पहिल्या महिन्यात दोनदा हात चुकला. नशिबाने काही तुटलं नाही. मागचं झाकण पूर्ण निघून हातात येतं आणि रोल गुंडाळणारी रिळ सुटीच असते. ती एकदा जांभळी नाक्यावर टोमॅटोच्या पाट्यांखाली घरंगळली. भाजीवाल्या दादांनी पाट्या हलवून शोधून दिली. बदल्यात दोन किलो टोमॅटो घ्यावे लागले.

हे सगळं सहन झालं. सहन झालं नाही ते मे महिन्यातलं प्रकरण. कॅमेरा गळ्यात, लेन्सला टोपी नाही, दुपारचं ऊन, आणि मी बाकावर टेकून वडापाव खात बसलेले. रेंजफाइंडरमध्ये लेन्सच्या मागे आरसा नसल्यामुळे लेन्समधून आलेलं ऊन थेट शटरच्या पडद्यावर पडतं, आणि झोर्कीचा पडदा कापडी. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तोच खेळ. पुढच्या रोलमध्ये प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका, जणू चंद्र उगवलाय. फोर्टातल्या ज्या काकांकडे मी कॅमेरे नेते त्यांनी पडद्याला टॉर्च लावून मला भोक दाखवलं. म्हणाले, “ताई, ह्याला टोपी घालत जा.” भोकावर त्यांनी काळा लवचीक रंग लावून दिला. तो अजून टिकून आहे.

मग घालू लागले टोपी. आणि चुलतबहिणीच्या साखरपुड्यात टोपी तशीच ठेवून सात फोटो काढले. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसत होतं, अंगठीसुद्धा. लेन्समधून बघत नसल्याचा हा दुसरा प्रसाद.

चष्मेवाल्यांसाठी एक सूचना. झोर्कीच्या डोळा लावायच्या जागेभोवती उघडं धातूचं कडं आहे. त्याने माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर कायमची चंद्रकोर उमटवली. चष्म्याचा नंबर जुळवायची सोय त्याच खिडकीत आहे, म्हणजे चष्मा काढून बघता येतं. पण रस्त्यावर दर फोटोला चष्मा कोण काढणार? शिवाय त्यात चौकटीच्या रेषाही नाहीत. जवळच्या फोटोत खिडकीला दिसतं ते आणि लेन्सला दिसतं ते वेगळं पडतं, आणि घरात मीटरभरावरून काढलेल्या फोटोंत डोकी छाटली गेली. आमच्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या फोटोंत आजी कपाळापासून खालीच आहे.

ऑगस्टमध्ये मामेभाऊ जपानहून आला, त्याच्याकडून जुना बेसा-आर मागवला. नाव जर्मन असलं तरी हा कॅमेरा जपानच्या कोसिना कंपनीने २०००मध्ये काढला. जुन्या लायकाच्या ३९ मिलिमीटर आट्यांच्या लेन्सा यावर बसतात, म्हणजे रशियन लेन्सही बसते. आत मीटर आहे आणि तो लेन्समधूनच उजेड मोजतो, त्यामुळे टोपी राहिली की उणे-चिन्ह पेटून ओरडतं. शटर सेकंदाच्या १/२००० भागापर्यंत जातं, पडदा धातूचा आहे, मागचं झाकण बिजागरीवर उघडतं. चौकटीच्या रेषा फोकसबरोबर आपोआप सरकतात. आजीला कपाळ परत मिळालं.

तक्रारीही आहेत. बाहेरचं कवच प्लॅस्टिकचं आहे आणि ते हातात घेताच जाणवतं. आवाज मोठा आहे. ‘रेंजफाइंडर म्हणजे निःशब्द’ हे जे ऐकतो, ते लायकाच्या कापडी शटरबद्दल किंवा लेन्समध्येच शटर असलेल्या छोट्या कॅमेऱ्यांबद्दल खरं आहे. बेसा वाजतो तो गोदरेजच्या कपाटाची कडी टाकल्यासारखा. कीर्तनात एक फोटो काढला आणि पुढच्या तीन रांगांनी मागे वळून पाहिलं.

घेण्याआधी एक हिशेब मात्र जरूर करा, मी केला नव्हता. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन (त्यात वस्तू किती मोठी दिसते ते), यावर फोकसचा नेमकेपणा ठरतो. बेसा-आरमध्ये हे ३७ मिलिमीटर गुणिले ०.६८, म्हणजे साधारण २५. लायका एम६मध्ये ६९.२५ गुणिले ०.७२, म्हणजे जवळजवळ ५०. सरळ दुप्पट. बेसाला ७५ आणि ९० मिलिमीटरच्या, लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सांच्या रेषाही दिल्या आहेत, पण पूर्ण उघड्या ॲपर्चरवर ९०ची लेन्स त्यावर भरवशाने फोकस होईल अशी आशा धरू नका. ३५ला मात्र २५चा आकडा भरपूर पुरतो. म्हणून माझं मत असं झालंय की आधी लेन्स ठरवावी आणि मग तिला पुरेल असा कॅमेरा शोधावा. मी नेमकं उलटं केलं.

त्याची शिक्षा गणपतीत मिळाली. नवी लेन्स यायची होती, म्हणून ज्युपिटर बेसावरच लावली. आई मोदकांच्या कळ्या पाडत होती. खिडकीतला उजेड, एफ/२, मीटरभर अंतर. तिच्या डोळ्यावर दोन्ही चित्रं अगदी बरोबर जुळवली. स्कॅन आला तेव्हा डोळे मऊ, आणि कानशिलावरचे पांढरे केस एकेक मोजता येतील इतके टोकदार. एकाच नाही, तिन्ही फोटोंत. हात हलला म्हणावं तर केस कसे टोकदार येतील?

कारण नंतर समजलं. लायकाच्या पद्धतीत रेंजफाइंडरची यंत्रणा ५१.६ मिलिमीटरची लेन्स धरून आखलेली आहे. रशियन लेन्सा झाइस या जर्मन कंपनीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या घराण्यातल्या, त्यांचं प्रमाण ५२.४. लांबच्या वस्तूंना फरक कळत नाही. पण मीटरभर अंतरावर माझ्या हिशेबाने फोकस सुमारे तीन सेंटिमीटर मागे जातो, आणि एफ/२वर त्याच्या पुढच्या बाजूला जेमतेम दोन सेंटिमीटरच टोकदार राहतं. म्हणजे डोळा गेला, कानशील मिळालं. तीच लेन्स झोर्कीवर बरोबर चालते, आणि बेसावर एफ/५.६ला प्रश्न बऱ्यापैकी झाकला जातो. पण एफ/२साठीच तर ती घेतली होती ना! जुनी ज्युपिटर घेणाऱ्यांनी हे आधी तपासा. टेबलावर तिरकी पट्टी ठेवायची, एका आकड्यावर फोकस करायचा आणि एफ/२ला दोन-तीन फोटो काढायचे. पाच मिनिटांचं काम आहे.

दिवाळीत कलर-स्कोपार आली, ३५ मिलिमीटर एफ/२.५. पेढ्याहून जराशी मोठी. तिच्यानंतर कॅमेऱ्यावरून दुसरी लेन्स गेलेली नाही. एफ/२.५ म्हणजे रात्रीच्या घरगुती उजेडात १/३० वर हात धरावा लागतो, हे खरं. पण दिवसा मी फोकस करतच नाही. एफ/८ला लेन्स तीन मीटरवर लावून ठेवली, की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं येतं. म्हणजे भाजीच्या गाड्याशी उभं राहिल्यापासून समोरच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. आकडे लेन्सवरच कोरलेले असतात, पाठ करायला नकोत. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच तयार असतो, मग फक्त चौकट बघायची. रोज बरोबर बाळगायच्या कॅमेऱ्याकडून मला एवढंच हवं होतं.

यात एक ठेच लागते. आपल्याकडच्या उन्हात ४०० आयएसओचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल टाकून एफ/८ धरलं तर शटर १/१५०० च्या आसपास लागतं. बेसाला जमतं, झोर्कीचं १/१००० वर संपतं, आणि तेही वयोमानाने खरं असेलच असं नाही. म्हणून मार्च ते मे मी २००चा रोल टाकते. पावसाळ्यात ४००चा कृष्णधवल, तो घरीच धुते. रंगीत रोलच्या किमतीबद्दल बोलायला नको. बटण दाबताना दर वेळी एका कटिंग चहाचा हिशेब डोक्यात येतोच.

जानेवारीत कॅमेऱ्याची पिशवी रिक्षातून उतरताना आपटली. बाहेरून ओरखडाही नाही. दोन दिवसांनी लक्षात आलं की लांबच्या इमारतीवर दोन्ही चित्रं बाजूने जुळतायत, पण एक दुसऱ्याच्या जरा वर बसतंय. रेंजफाइंडरचं हेच नाजूक दुखणं. तपासायला चंद्र उत्तम : लेन्स अनंतावर ठेवली की दोन चंद्रांचा एक झाला पाहिजे. काकांनी वरची पट्टी काढून बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला, खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या अँटेनाकडे बघितलं, पुन्हा केसभर फिरवला. दहा मिनिटं लागली. जुना कॅमेरा घेताना ही तपासणी आणि चौकोन पुरेसा ठसठशीत दिसतो का, या दोन गोष्टींत हयगय करू नका. फिकट पडलेला चौकोन दुरुस्त करणं महाग आणि कटकटीचं काम आहे.

लायकाबद्दल विचाराल. ओळखीतल्या एकांचा एम६ एक संध्याकाळ हातात होता. फोकस लोण्यासारखा, चौकोन स्वच्छ, आवाज अगदी दबका. आवडला, परत दिला. माझी ३५ची लेन्स ॲडाप्टर लावून त्यावर बसते आणि निगेटिव्ह तशीच येते. ज्यांना लेन्स बदलायचीच नाही त्यांनी कॅनोनेट क्यूएल१७ किंवा यशिका इलेक्ट्रो ३५ बघावा. दोन्हींत लेन्स आणि मीटर अंगचेच, फक्त जुन्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत, तेव्हा पर्यायी बॅटरीची सोय विचारून घ्या. फुजीचा एक्स१०० दिसायला या घराण्यातला वाटतो, पण तो डिजिटल ऑटोफोकसचा कॅमेरा आहे. चांगला आहे, फक्त दोन चित्रं जुळवायची गंमत त्यात नाही. आणि घरात रांगतं बाळ असेल किंवा ताटांचे फोटो काढायचे असतील तर रेंजफाइंडर घेऊच नका. माझी ज्युपिटर एक मीटरच्या आत येतच नाही, आणि मीटरभर अंतरावरून पुरणपोळी म्हणजे नुसतं पिवळं वर्तुळ.

आता दुसरा पावसाळा तोंडावर आलाय. गेल्या वर्षी ज्युपिटरच्या आतल्या काचेवर बुरशीचा एक धागा धरला होता, म्हणून यंदा आईचा पापडाचा हवाबंद डबा मी बळकावलाय. त्यात सिलिका जेलची पुरचुंडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४५च्या आसपास असला की झोप लागते. पुरचुंडी गुलाबी झाली की दाणे तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करायचे. आईला वाटतं मी साबुदाणा भाजतेय.

फुलबाजारातल्या मोगऱ्याच्या मावशींचा फोटो फेब्रुवारीत काढला होता. काढल्या काढल्या म्हणाल्या, “बघू, दाव.” कॅमेऱ्याची पाठ फिरवून दाखवली, नुसतं काळं झाकण. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. तीन आठवड्यांनी प्रिंट नेऊन दिला. ओले हात पदराला पुसून त्यांनी तो कडेने धरला, उजेडाकडे केला, बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, “गजरा चांगला आलाय. मला सांगायचं तरी, चष्मा काढला असता.” पुढच्या रोलमध्ये बिनचष्म्याचा फोटो काढायचं ठरलंय. कॅमेऱ्यात सध्या ३१वा फोटो चालू आहे.