तीस की छत्तीस? 'सत्याग्रह'च्या तीन सीड्या, नऊ महिन्यांनंतर

'सत्याग्रह' या संगीतिकेच्या तीन सीड्यांतली तिसरी खराब आहे हे गेल्या आठवड्यात कळलं. खरेदी जूनमधली. म्हणजे नऊ महिने मी ओरखडा पडलेली सीडी ऐकली, जुलैत दोन तारे देऊन लांबलचक तक्रार लिहिली, आणि त्यातली निम्मी तक्रार ओरखड्याबद्दल होती. म्हणून पुन्हा लिहितोय.

फिलिप ग्लास हे अमेरिकी संगीतकार, त्यांची ही संगीतिका (म्हणजे ऑपेरा) गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवर आहे, शब्द सगळे गीतेतले आणि संस्कृतातच, हे इथे वाचणाऱ्यांना सांगायला नको. माझी प्रत न्यूयॉर्क सिटी ऑपेराची, १९८५ ची, ख्रिस्तोफर कीन यांच्या संचालनातली. गांधींच्या भूमिकेत डग्लस पेरी. जुनी, १,४०० रुपये, टपाल ९० वेगळं. पुस्तिकेची कड उंदराने खाल्लेली, त्याचे पैसे काही कमी झाले नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, मोबाइलवर फुकट आहे की." फुकट आहे, खरं अर्जुनाचा विषाद रंगात आला की मध्येच कुकरची जाहिरात लागते.

मी बेळगावच्या वडगावात राहतो. संस्कृत शिकवून निवृत्त झालो. भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत आणि वडिलांचा हातमाग होता, त्यामुळे तेच तेच वाजत राहणं मला नवीन नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि संध्याकाळपर्यंत हातभर कापड. ग्लासच्या संगीतात तेच सूर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून तिकडच्या समीक्षकांनी त्याला 'सुई अडकली' म्हणून झालंय, 'ठक ठक, कोण आहे? ठक ठक' असले विनोद करून झालेत. १९७६ मध्ये त्यांचं 'आइन्स्टाइन ऑन द बीच' न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात (मेटमध्ये) दोन रात्री तुडुंब भरलं आणि त्यानंतरही गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवत होते. ही गोष्ट मला फार आवडते. पुनरावृत्तीवरून एवढं भांडण का, ते मात्र कळत नाही. ज्याने आषाढात 'विठ्ठल विठ्ठल' तासभर ऐकलंय त्याला याचं काय वाटणार?

माझं भांडण उच्चारांशी होतं. पहिल्याच दृश्यात पहिल्या अध्यायातला तेविसावा श्लोक आहे, 'योत्स्यमानानवेक्षेऽहं य एतेऽत्र समागताः'. हा श्लोक मी पोरांकडून घोकून घेतलाय. तरी तो ओळखायला मला चार दिवस लागले आणि शेवटी गीता मांडीवर घेऊन बसलो तेव्हा सापडला. 'त्स्य' विरघळलेलं, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही, 'धार्तराष्ट्रस्य'मधल्या ष्ट्रचं जे झालंय ते लिहवत नाही. अनुष्टुभाची चाल तर पार मोडलेली. अनुष्टुभात पाचवं अक्षर लघु, सहावं गुरू, हे आठवीतल्या पोराला येतं. इथे लघु अक्षर पाच मात्रा ताणून धरलंय आणि गुरू घाईत उरकलंय. जुलैच्या तक्रारीत मी यावर सात परिच्छेद लिहिले होते. आता वाचताना मलाच दमायला होतं, पण एकही ओळ मागे घेत नाही.

फक्त एक गोष्ट तेव्हा लक्षात घेतली नव्हती. ग्लास यांनी संस्कृत मुद्दाम तसंच ठेवलं. प्रेक्षकाने शब्दांना धरून बसू नये म्हणून रंगमंचावर भाषांतरही नको, असा त्यांचा आग्रह. म्हणजे न्यूयॉर्कच्या माणसाला शब्द कळत नाहीत हीच सोय, आणि मला कळतात ही माझी गैरसोय. आमची ही संस्कृतच्या वाटेला कधी गेली नाही, भजनी मंडळात गाते. तिला पहिल्या दिवसापासून काही अडचण नव्हती. तिसऱ्या सीडीचा शेवट लागला तेव्हा मेथी निवडता निवडता म्हणाली, "अहो, ही भैरवीच की!"

पेटी काढून बघितलं. शेवटच्या दृश्यात गांधी एकटे गातात, खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत, नुसता आरोह, पुन्हा पुन्हा. रे, ग, ध, नी चारही कोमल. त्यांच्याकडे याला फ्रिजियन म्हणतात. आता नुसत्या स्वरांनी भैरवी होत नाही, अवरोह नाही, मध्यमावर बसणं नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मैफल भैरवीनेच संपते ना? मग झालं." १९६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये हेच ग्लास रविशंकरांचं चित्रपटसंगीत पाश्चात्त्य वादकांसाठी लिपीत उतरवून देत होते, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच उडवून लावता येईना.

त्या दिवसापासून मी आरोह मोजायला लागलो. मास्तरकीची खोड. एकदा तेहतीस आले, एकदा छत्तीस. चिंचोके घेऊन बसलो तर चौतीस. मध्ये कुठेतरी किंचित ठेचकाळायचं, मला वाटायचं गायकाने श्वास चोरला. जुलैत मी लिहिलं होतं, 'आवर्तनांना शिस्त नाही, खालची साथ मनाला येईल तिथे बदलते.' पाठोपाठ, 'याला रचना म्हणवत नाही.' मोठ्या तोऱ्यात.

शेजारचा मागवाला एकदा खिडकीतून म्हणाला होता, "मास्तर, तुमची सीडी अडकलीय ओ." मी त्याला हसून मिनिमलिझम, म्हणजे मोजकेच सूर पुन्हा पुन्हा फिरवत नेण्याची ही पद्धत, समजावला. पंधरा मिनिटं. बिचाऱ्याचे माग थांबले होते, लाईट नव्हती, म्हणून ऐकून घेतलं. माझा प्लेअर इन्व्हर्टरवर चालतो.

फेब्रुवारीत प्लेअर मध्येच बंद पडायला लागला तेव्हा खडे बाजारात दुरुस्तीला नेला. लेन्स गेलीय म्हणून ६५० घेतले. घरी आणला, बंद पडणं थांबलं, ठेचकाळणं तसंच. परत गेलो. "पैसे घेतलात खरं अजून तसंच वाजूलालंय." मग त्याने सीडी उजेडात धरली. कडेला बोटभर ओरखडा. म्हणाला, "सीडी आतून बाहेर वाचली जाते, सर, शेवटचं गाणं कडेला, आणि लोक धरतात कडेलाच." मी विचारलं, आधी का नाही बघितलीस? "तुम्ही प्लेअर आणला होता की, सर." यावर काय बोलणार!

विकणाऱ्याला लिहिलं. परतीची मुदत सात दिवस होती म्हणे. सात दिवसांत तिसऱ्या सीडीच्या शेवटापर्यंत कोण पोचतो ओ? मला पहिला श्लोक ओळखायलाच चार दिवस लागले.

मग भाच्याच्या मोबाइलवर शेवटचं दृश्य लावलं, कुकरची जाहिरात सोसून. चिंचोके घेऊन तीन वेळा मोजलं. तीस. तीनही वेळा तीस. आणि खालची साथ मनाला येईल तिथे बदलत नाही. वरचा आरोह जागचा हलत नाही, खालचे स्वरमेळ मात्र ठरलेल्या जागी पाऊल टाकत जातात, म्हणून तोच वरचा सा दर खेपेला निराळा लागतो. माझ्या सीडीने मधली पावलं दोनदा-तीनदा टाकून सगळी वाट चुकवली होती. जुलैतलं ते 'शिस्त नाही' मागे घेतो. उच्चारांचं नाही.

यातले गांधी १९१३ पर्यंतचे. बेळगावला ते १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आले. ज्या एकमेव अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले ते आमच्याकडचं. त्यासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर अजून आहे, आणि स्वागतगीत म्हणायला अकरा वर्षांची गंगूबाई हनगल होती. ते स्वर कोणी सीडीवर धरून ठेवले असते तर मी १,४०० चे ५,००० दिले असते, घासाघीस न करता. (घासाघीस केली असती.)

डिसेंबर २०११ मध्ये मेटमध्ये 'सत्याग्रह' चालू असताना बाहेर आंदोलक जमले होते. प्रयोग संपल्यावर ग्लास स्वतः त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि शेवटच्या दृश्यातल्या 'यदा यदा हि धर्मस्य'चा इंग्रजी अर्थ म्हणून दाखवला. गर्दी वाक्या-वाक्याला मागून म्हणत होती, वर्गात म्हणतात तशी. तिथे मात्र उच्चारांचा प्रश्न आला नाही.

तारे? पहिल्या दोन सीड्यांना चार. पुस्तिकेला शून्य, उंदीर धरून. विकणाऱ्याने आता तिसरी सीडी परत पाठवली तर ३०० देतो म्हटलंय, टपाल माझं. म्हणजे हातात २१० आणि संगीतिकेचा शेवट गायब. हिला विचारलं. तिने मोबाइलवरचं तिसाव्या आरोहापर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "एवढ्यातच संपलं? आपली जास्त वेळ चालते की. ठेवा ती."